शुक्रवारच्या वर्गाची होस्ट

सुनंदे, माणूस जाताना निदान गॅस बंद करून जातो. तू एक चालू मीटिंग तशीच सोडून गेलीस. दर शुक्रवारी, संध्याकाळी, कायमची. ही मीटिंग तुझ्या फोनवर लावून देताना मी तुला बजावलं होतं की शेवटची तारीख टाक, नाहीतर आपण मेलो तरी ही दर आठवड्याला वाजत राहील. तू कैरीची फोड तोंडात टाकून म्हणालीस, "वाजू दे की. तुझं काय जातंय?" आता बघ माझं काय जातंय ते.

शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं मुख्याध्यापकांनी मला सांगितलं. 'मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, हसतमुख' असं चालेल म्हणाले. मी कागद पुढे घेतला आणि मला हसूच आलं. मनमिळाऊ तू कधी होतीस गं? स्टाफरूममधल्या पंख्याखालच्या खुर्चीवरून तू अर्ध्या बायकांशी बोलणं टाकलं होतंस. तेव्हा अंकाला काय द्यायचं ते नंतर बघू. आधी मला तुझ्याशी भांडायचंय, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि ते अर्धं सोडून जाण्याचा तुला काही एक अधिकार नव्हता.

भिवंडीत धामणकर नाक्याजवळची आपली मराठी शाळा, मी विज्ञानाची, तू गणिताची. लॉकडाऊन लागलं तेव्हा घरी लॅपटॉप होता एवढ्या एकाच पुण्याईवर मला 'डिजिटल समन्वयक' केलं गेलं. सगळ्यांना शिकवता शिकवता माझ्या तोंडाला फेस आला, पण त्यात पहिला नंबर तुझा. कॅमेऱ्यात तू कधी पूर्ण दिसलीच नाहीस. अर्धं कपाळ आणि वर ट्यूबलाइट. व्हाइटबोर्डवर बोटाने आकडे काढता येतात हे तुला दाखवलं, तर तू फोनच्या काचेवर खडूने लिहिलंस. हे मी वाढवून सांगत नाही, काच पुसली मीच. आणि ती स्क्रीन शेअर! गणिताचं पान दाखवायच्या जागी तू आपल्या दोघींचं चॅट सगळ्या शाळेला दाखवलंस, मुख्याध्यापकांसकट. त्यात त्यांच्या केसांच्या टोपाबद्दल मी काय लिहिलं होतं ते त्यांनी शांतपणे वाचलं. मी किंचाळत होते, सुनंदा, बंद कर, लाल बटण, लाल! तू म्हणालीस, "कुठलं लाल? मना तर हिरवाच दिसतंय."

तुझं आगरी घाबरलीस की बाहेर यायचं. एरवी वर्गात कशी पुस्तकी बोलायचीस.

पण आपलं खरं भांडण म्यूटचं. वर्ग घ्यायचा तर सगळ्यांनी म्यूट करून बसायचं, ज्याला बोलायचंय त्याने हात वर करायचं बटण दाबायचं, हे जगभर चालतं. तुझ्या वर्गात मात्र सगळे माइक उघडे. आपली निम्मी मुलं यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या वर नाहीतर लूमच्या शेजारी राहतात. त्यातल्या पद्माच्या खोलीची फरशीच लूमबरोबर थरथरते. एकेकाने माइक उघडला की असा खडखडाट व्हायचा, की पायथागोरस जिवंत असता तरी उठून गेला असता. बाजूने कोणीतरी ओरडायचं, "टीचर, आवाज नहीं आ रहा!" आणि तुझ्या स्वतःच्या घरून, दापोड्यातून, गोडाऊनला मागे मागे येणाऱ्या ट्रकची ती पिरपिरी धून. मी म्हणायचे, हा वर्ग आहे की बाजार? तू म्हणायचीस, वर्गाला आवाज नको तर मग शिकवायचं कोणाला, खुर्च्यांना?

त्यावर तू तोडगा काढलास तो असा तुझ्यासारखाच उलटा. मुलांना म्यूट करायचं सोडून तू वर्गच शुक्रवारी नेलास. शुक्रवारी लूम बंद. सगळ्या भिवंडीला त्या दिवशी कानातला कापूस काढल्यासारखं वाटतं. शाळा पुन्हा भरायला लागल्यावर सगळ्यांनी ऑनलाइन वर्गाची कटकट टाकून दिली, तू तो शुक्रवार तेवढा चालू ठेवलास. ज्यांना शाळेत रोज येता येत नाही त्यांच्यासाठी, म्हणालीस. मग रोज येणारीही त्यात शिरली.

आणि ती तुझी हजेरी! नाव घेतलं की 'हजर' म्हणायचं नाही. "तुझ्याकडे आत्ता काय वाजतंय?" हा प्रश्न. मग एकेक जण माइकजवळ येऊन सांगणार. बाई, खाली पाणी भरतायत. बाई, अजान होतेय. बाई, आई लसूण ठेचतेय. पाऊण तासाच्या वर्गातला चांगला मोठा तुकडा ह्यात जायचा. मी तुला म्हटलं, अगं अॅपमध्ये आपोआप हजेरी लागते, आत आलेल्याचं नाव, वेळ, सगळं. तू म्हणालीस, "ते फोन आला म्हणून सांगतं. पोर आलं का ते कुठं सांगतं?" माझ्याकडे उत्तर होतं. मला फक्त ते तेव्हा सुचलं नाही.

तुझे ते व्हॉइस मेसेज तर वेगळंच प्रकरण. मी रात्र रात्र बसून काटकोन त्रिकोणाचा व्हिडिओ केला. तीन बाजूंवर तीन रंगांचे चौरस, फिरणारे, खाली संगीत. त्याला वजन इतकं, की निम्म्या मुलांच्या फोनवर तो उघडलाच नाही. तू तोच धडा आवाजात पाठवलास. 'डोळे मीट. एक काटकोन मनात धर.' आणि धड्याच्या मधोमध दारावर मासळीवाली. "वाटा कसा दिलास गं? इतकुसे बोंबील आणि एवढा भाव? जा, मना न्हाय पायजे. बरं थांब. तर मुलांनो, कर्णाचा वर्ग..." मी म्हटलं, ते मधलं कापून पुन्हा पाठव. तू म्हणालीस, त्यांना मधलंच आवडतं. मुलांनी माझ्या व्हिडिओला अंगठा दाखवला आणि तुझे बोंबील पाठ केले. मला राग आला होता. अजून आहे.

आता सुगंधावर येते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन अडलंय.

सुगंधा दहावीत. तिचा बाप दापोड्यात गोडाऊनवर माल चढवायचा, ते काम सुटलं तसा दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून गणेशपुरीकडे वीटभट्टीवर गेला. पाड्यावरची त्यांची माणसं वर्षानुवर्षं भट्टीवर जातात, जातात तेव्हा पोरांसकट जातात, आणि पोरांचं पुस्तक तिथंच संपतं. वर्गशिक्षिका म्हणून मी तिच्या नावापुढे काय लिहायचं तेही ठरवून टाकलं होतं. तू एसटीत बसलीस आणि भट्टीवर गेलीस. परत आलीस ती केसात लाल माती घेऊन. बापाशी काय बोललीस विचारलं तर म्हणालीस, सौदा केला. शुक्रवारी संध्याकाळी फोन पोरीच्या हातात, आणि परीक्षेला पोरगी भिवंडीत. त्याने विचारलं, बाई, तुमी दर शुक्रवारी असाल कशावरून? तू त्याला शब्द दिलास, एक शुक्रवार चुकणार नाही.

मग ती भट्टीमागच्या उंचवट्यावर चढून, जिथे रेंज येते तिथे उभी राहून शिकायला लागली. काटकोन त्रिकोण तू तिला कच्च्या विटा मांडून करायला लावलास. लहान बाजूंवरच्या दोन चौरसांच्या विटा उचल आणि कर्णावर मांड, बसतात का बघ. बसल्या. भट्टीचा मुकादम ओरडला तो आवाजही सगळ्या वर्गाला ऐकू आला म्हणे, कारण अर्थातच कोणीच म्यूटवर नव्हतं. तू इतकी खूश होतीस त्या दिवशी, की स्टाफरूममध्ये बोलणं टाकलेल्या बायकांनासुद्धा बोलून सांगितलंस. मला मात्र म्हणालीस, "तुझा तो नाचरा त्रिकोण ठेव आता माळ्यावर."

आपण शेवटचं बोललो ते शाळेच्या जिन्यात. पुन्हा म्यूटच. मी म्हटलं, बोर्डाचा पेपर काय आवाज ऐकून सोडवणार आहेत का मुलं? शिस्त लाव जरा. तू म्हणालीस, रेखे, तू एकदा तरी त्या वर्गात बसलीस का? शुक्रवारी ये, पूर्ण वेळ बस, मग बोल. मी म्हटलं, येते, आणि दाखवते तुला. तू पायरीवरून वळून म्हणालीस, "बघू कोण कोणाला दाखवतंय ते." मग तुझी रिक्षा भरली म्हणून तू पळालीस. शुक्रवार यायच्या आधीच तुझ्या घरून फोन आला. तुझे मिस्टर काय सांगतायत ते मला कळत होतं आणि मी त्यांना म्हणत होते, दादा, आवाज तुटतोय, पुन्हा सांगा. आवाज मुळीच तुटत नव्हता.

त्या शुक्रवारी मी ग्रुपवर लिहिलं की वर्ग होणार नाही. शाळेतल्या मुलांना ठाऊकच होतं. पण सुगंधाचा फोन बापाचा, तो शुक्रवारपुरता चालू होतो आणि ग्रुपचे निरोप तिला कधी दिसतात, कधी नाही. म्हणून मी लिंक उघडली. 'होस्ट आल्यावर मीटिंग सुरू होईल,' असं पडद्यावर आलं. मी मूर्खासारखी त्याच्यासमोर बसून राहिले. एकदा तर चक्क घड्याळाकडे बघून पुटपुटले, ही बाई कधी वेळेवर येईल तर शपथ.

शेवटी मी तुझ्या खात्यातून आत गेले. पासवर्ड मीच लावून दिला होता, बदलायला तुला सांगितलं होतं आणि तू अर्थात बदलला नव्हतास. पडद्यावर तुझं नाव उगवलं, तुझ्या कपाळाचा तो अर्धा फोटो. खाली एकेक चौकोन उघडत गेला. पद्मा, तिच्या मागे दोघंतिघं. ग्रुपवर वाचूनही आली होती. सगळ्यांचे माइक उघडे आणि कोणी बोलत नाही, असं तुझ्या वर्गात कधी झालं नसेल. मग सुगंधा आली, धापा टाकत.

"बाई, आज उशीर केलाव तुमी. माझी हजेरी घ्या आधी, बापूस फोन मागतंय. माझ्याकडं भट्टी लावलीय ना, लाकडं तडतडतायत. आन् टिटवी हाय एक."

"सुगंधा," मी म्हटलं, "मी रेखा बाई बोलतेय."

"मंग नाव सुनंदा बाईंचा कसा?"

प्रत्येक धड्याला माझ्याकडे स्लाइड असते, सुनंदा. ह्याला नव्हती. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, बरं नसणार सांगितलेलं. तिकडून लाकडं तडतडताना ऐकू येत राहिली. मग तिचा चौकोन गेला. रेंज गेली की तिने बंद केला, हे त्या अॅपमध्ये कुठेच कळत नाही.

त्यानंतरचा सगळा आठवडा मी चिडलेली होते. तुझ्या बाराव्याला जेवायला बसले तरी डोक्यात तेच. परीक्षा तोंडावर आलीय आणि पोरगी गेली हातची. मी ठरवलं, हे नीट करायचं, माझ्या पद्धतीने. माझ्या नावाने नवी मीटिंग केली, नवी लिंक, परीक्षेपर्यंतची शेवटची तारीख, आत आल्याबरोबर सगळे आपोआप म्यूट. ग्रुपवर टाकली, वर पिनही केली. शुक्रवारी संध्याकाळी केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसले. कोणी येईना. काळं कुत्रंही नाही. मग पद्माचा फोन.

"बाई, आम्ही सगळे बसलोय. तुम्ही कुठंय?"

"अगं, मी पण बसलेय!"

"न्हाई बाई, आम्ही आपल्या वर्गात बसलोय."

तुझ्या लिंकवर! फोनमध्ये तीच साठवलेली, बोट तिथेच जातं म्हणे. दारात ताटकळत बसली होती सगळी, होस्टची वाट बघत. मी कपाळावर हात मारला, नवी मीटिंग पुसली आणि पुन्हा तुझं नाव लावून आत गेले.

सुगंधा नव्हती. मी तिच्या बापाच्या नंबरवर कॉल लावत राहिले, आणि एकदाचा तिचा चौकोन उघडला. पण आवाज पुरुषाचा.

"कोन बोलतंय?"

"मी सुगंधाची वर्गशिक्षिका. वर्ग सुरू झालाय भाऊ, तिला द्या ना फोन."

"ती बाई मेली ना?"

"हो."

"मंग वर्ग कशाचा? मी शब्द दिला तो त्या बाईला. ती बोललेली, एक शुक्रवार चुकनार न्हाय. मी बोललो, फोन चुकनार न्हाय. ती न्हाय, तर शब्द पन न्हाय. पोरगी विटा थापतंय. काम हाय."

त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. शिक्षणाचं महत्त्व वगैरे माझ्या तोंडाशी आलं होतं, दरवर्षी पालकसभेत बोलते ते. पण मला इतका संताप आला, त्याच्यावर नव्हे, तुझ्यावर, की मी भलतंच बोलून गेले.

"बरोबर आहे तुमचं. शब्द मोडला तिनं. मला पण म्हणाली होती शुक्रवारी भेटू, आणि गेली. मला तिचा एवढा राग आलाय भाऊ, की काय सांगू तुम्हाला. पण तो पोरीवर कशाला काढायचा? मला तिच्यासारखं गोड बोलता येत नाही. पण मी वेळेवर येते, शाळेत कोणालाही विचारा. परीक्षेपर्यंत एक शुक्रवार चुकणार नाही. आणि पेपरांना ती माझ्या घरी राहील, न्यायला मी स्वतः येईन. आता माझा शब्द घ्या नाहीतर नको म्हणा, पण लवकर म्हणा, मला वर्ग घ्यायचाय."

तो काही म्हणायच्या आत पद्मा बोलली, "काका, द्या ना फोन सुगंधाला. आम्ही थांबलोय." मग आणखी कोणी म्हणालं, द्या ना काका. मग सगळीच.

"ही कोन?" तो दचकलाच. "किती जना हायत इथं?"

"सगळा वर्ग आहे," मी म्हटलं.

"सगल्यांनी ऐकला काय मी बोललो ते?"

"हो काका!" सगळी एकदम.

तो हसला की खोकला ते कळलं नाही. "चारचौघांत मंग न्हाय कसा बोलू," म्हणाला. "बाई, शुक्रवार चुकला तर मी पन चुकनार, हां." आणि लांबवर हाक ऐकू आली, "सुगंधाऽ, ए पोरी, हात धू आन् ये इकडं!"

आता तू म्हणशील, बघ, सगळे म्यूटवर असते तर काय केलं असतंस? म्हणू नकोस. एका वेळेला उपयोग झाला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही.

मी मात्र तेवढ्यात म्यूट दाबलं. मला नाक पुसायचं होतं आणि ते मुलांना ऐकू जायला नको होतं. सुगंधा आली. धावत आलेली, श्वास मोठा. मी काही म्हणायच्या आत तिने स्वतःच हजेरी दिली. "बाई, आज भट्टी थंड हाय. काय पन वाजत न्हाय. बापूस हितंच बसलाय, विडी वढतंय, तेवढाच." मागून तो काहीतरी पुटपुटला आणि सगळी मुलं हसली. मग ती म्हणाली, "बाई, तुमच्याकडं काय वाजतंय?"

मला हे कोणी विचारलं नव्हतं गं कधी. मी ह्या खिडकीशी बसून लॉकडाऊनभर वर्ग घेतले आणि खिडकी आधी बंद करून घेतले. मी उठून ती उघडली आणि सांगत सुटले. खाली नाक्यावर शेअर रिक्षावाला 'कल्याण, कल्याण, एक सीट' ओरडतोय. शेजारी कोणाचा तरी कुकर. समोरच्या गल्लीत लूम बंद आहे तरी माझ्या कानात खडखडतोय. आणि तुझा तो ट्रक मागे येतानाचा आवाज नाहीये, तो मी ऐकायला बघतेय आणि तो नाहीये. हे सगळं मी सांगितलं, तुझं नाव घेऊन सांगितलं, रडत सांगितलं. मुलं नुसती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, समजून घेतायत बिचारी.

मग पद्मा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली, तिच्या मागोमाग सगळी, आणि त्यांनी एका सुरात गाव गोळा केलं.

"बाई! म्यूट काढा! आधी म्यूट काढा!"

मी काढलं. रडलेलं पुन्हा सांगितलं नाही. लॅपटॉप उचलून खिडकीत धरला आणि म्हटलं, तुम्हीच ऐका.

हे घे, एवढं देते तुला. वर्ग चालू असताना म्यूटच हवं, हे माझं मत कायम आहे. हजेरीपुरतं सोडून.

मुलं गेल्यावर मी त्या मीटिंगच्या सेटिंगमध्ये गेले. होस्टच्या जागी तुझं नाव होतं, ते तसंच राहिलं, नाहीतर पुन्हा सगळी भलत्याच दारात जाऊन बसतील. खाली शेवटची तारीख टाकायची जागा रिकामी होती. परीक्षेची तारीख टाकायला मी बोट नेलं, मग मागे घेतलं.

वाजू दे.